शॉर्ट कुठे झाला, ते आधी विचारा

केशोरीत मिरचीवर फवारणीचे दिवस सुरू झाले की दुरुस्तीच्या दुकानात मोबाइल मागे पडतात आणि पाठीवरचे पंप पुढे येतात. अर्जुनी मोरगाव तालुक्याच्या या टोकाला पावसाळ्यात धान आणि त्यामागून मिरची. चुरडामुरडा रोग दिसला की दोन दिवसही थांबता येत नाही. दांडा मारायचा पंप आता घरोघरी अडगळीत पडला आहे. बॅटरीच्या पंपातली शिशाची जड बॅटरीसुद्धा हळूहळू निघाली आहे आणि तिच्या जागी निळ्या प्लास्टिकात गुंडाळलेला, हाताला हलका लागणारा लिथियमचा पॅक येतो आहे. रात्री रानडुकरांच्या राखणीला जाणाऱ्याच्या कपाळावरच्या टॉर्चमध्येही लिथियमच. वस्तू गावात पुरती रुळली. ती बिघडली तर काय करायचं, हे मात्र गावात येऊन कोणी सांगितलेलं नाही. सांगणारे म्हणजे दुरुस्तीवाले, आणि त्यांच्यातही एकमत नाही.

या वादातले दोघे मामा-भाची आहेत. मामा रेडिओच्या काळापासून दुरुस्ती करतात. भाची इलेक्ट्रिकलची पदविका घेऊन नागपुरात ई-स्कूटरच्या बॅटऱ्यांवर काम करते आणि चार दिवसांसाठी गावी आली आहे. वादाला कारण झालेला पॅक एका गिऱ्हाईक पोराच्या पंपातला होता आणि दुकानाच्या फळीवर पडलेला होता.

भाची : मामाजी, हा रात्रभर इथेच होता?

मामा : हो. काल दिवेलागणीला आणून टाकला पोरानं. काहून?

भाची : शॉर्ट झालेला पॅक, लाकडी फळीवर, खाली पुठ्ठ्याची खोकी. आधी बाहेर काढा, मग बोलू.

मामा : थंडगार आहे, बाई. हात लावून पाहा. एकही सेल फुगला नाही, वास नाही, ओल नाही. व्होल्ट मोजले, पट्टीवर लिहून ठेवले. तीस-पस्तीस वर्षं झाली मला या धंद्यात, आंधळा कारभार करत नाही मी.

मामांचं म्हणणं खरं होतं. पॅकवर कागदी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर बॉलपेनने तीन आकडे : ३.९४, ३.९३, ३.७१. बारा सेलचा पॅक. चार-चारांचे तीन गट एकापुढे एक जोडलेले, भरल्यावर १२.६ व्होल्ट. बाजूला त्या पोराची वायर कापायची पकड पडली होती. शॉर्ट कसा झाला ते तिच्या पात्यावरच कळत होतं : धारेला दोन अर्धगोल खाचा, कडेला वितळून गोठलेल्या लोखंडाचे मणी. लाल आणि काळी अशा दोन्ही वायरी त्याने एकाच दाबात कापल्या होत्या. पातं दोन्हींच्या तांब्याला एकदम लागलं आणि पकड तिथेच चिकटली. झटका देऊन सोडवेपर्यंत किती वेळ गेला हे त्याला सांगता आलं नाही. लाल वायरचं आवरण दोन बोटं मागेपर्यंत वितळून आकसलं होतं.

भाची : थंड आहे म्हणून तो बरा आहे, असं तुम्ही धरता. पण वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांची जी बॅटरीची चाचणी आहे ना, तिच्यात सेल मुद्दाम शॉर्ट करतात, तेही ५७ अंशांपर्यंत तापवून. सेल १७० अंशांच्या वर जाता कामा नये, फुटता किंवा पेटता कामा नये. आणि हे फक्त शॉर्टच्या वेळी पाहत नाहीत. त्यानंतर सहा तास पाहतात. काहून पाहत असतील? नुकसान उशिरा वर येऊ शकतं म्हणूनच ना? तुम्ही पाच मिनिटं पाहिलं आणि शटर ओढून झोपायला गेलात.

मामा : म्हणजे चांगला सेल शॉर्ट झाला तरी पेटत नाही, हे तूच सांगून राहिली. मग भीती कशाची? उगाच लोकांच्या मनात धास्ती भरायची. शॉर्ट झाला की फेका, फुगला की फेका, जुना झाला की फेका. दीड हजाराचा पॅक आहे हा. इथं मिरचीला भाव मिळेल की नाही याचा भरवसा नाही, अन् तू फेकायची भाषा करते.

भाची : चाचणीत पास झालेला सेल पेटला नाही, एवढंच सिद्ध होतं. तो पुन्हा वापरावा असं कोणी म्हटलेलं नाही. चाचणीतले सेल परत पॅकमध्ये घालून विकत नाहीत, मामाजी.

इथे दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि म्हणूनच या विषयावर सरसकट सल्ला कामाचा नाही. शॉर्ट झालेला प्रत्येक सेल बॉम्ब नसतो. पण शॉर्टमध्ये आत काय घडतं ते पाहिल्याशिवाय मामांचं ‘थंड आहे’ किती वजनाचं, ते ठरवता येत नाही.

बोटाएवढा जो सेल आपण टॉर्चमध्ये पाहतो, त्याला १८६५० म्हणतात : व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५. त्याचा आतला रोध फार थोडा, साधारण ५० मिलिओहम धरा. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा. दोन्ही टोकं जाड धातूने जोडली तर पहिल्या क्षणी ८० अँपिअरच्या पुढे प्रवाह निघू शकतो. पंप एरवी सगळ्या पॅककडून मिळून दोन-तीन अँपिअर घेतो. त्या क्षणाला एका सेलच्या पोटात साडेतीनशे वॅटच्या आसपास उष्णता तयार होत असते. वायर आणि पकडीच्या रोधामुळे प्रत्यक्षात आकडा खाली येतो. चांगल्या कंपनीच्या बऱ्याच सेलमध्ये तापल्यावर प्रवाह आवळणारी एक चकती टोपीखाली बसवलेली असते. स्वस्त सेलमध्ये ती असेलच असं नाही. मामांच्या खणात ‘९९०० एमएएच’ छापलेले सेल पडले आहेत. या मापाच्या उत्तम सेलची खरी क्षमता ३५०० च्या आसपास संपते. छापील आकड्यात जो एवढं खोटं बोलतो, तो टोपीखाली काय बसवत असेल?

या पॅकमध्ये मिळून जवळपास ८९ वॅट-तास वीज मावते. तेवढ्या ऊर्जेत एक लिटर पाण्याला उकळी येते. ही झाली नुसती वीज. आतलं द्रावण, प्लास्टिक आणि इतर द्रव्यं पेटली तर त्यांची उष्णता वेगळी, आणि ती याच्या कितीतरी पट.

मामा : आकडे मला नको सांगू. व्होल्ट काय म्हणतात ते सांग. ३.९४ म्हणजे भरलेला सेल. मेलेला सेल असा आकडा दाखवतो काय?

भाची : व्होल्ट आतला हिशेब सांगत नाहीत. आत दोन पत्र्यांच्या मध्ये प्लास्टिकची पातळ झिल्ली असते, केसाहून पातळ. सेल तापला की १३० अंशांच्या सुमाराला ती वितळायला लागते. त्याच्या बरंच आधी, ऐंशी-नव्वदच्या पुढे, कार्बनच्या पत्र्यावरचा संरक्षक थर मोडायला लागतो. एखाद्या कोपऱ्यात झिल्ली आकसली, तरी मीटर आज ३.९ दाखवेल. उद्याही दाखवेल. मग कोणीतरी तो रात्री चार्जिंगला लावेल.

मामा : अन् काहीच झालं नसेल तं?

भाची : झालं नसेल तं उत्तमच. पण ते कळणार कसं? म्हणून मी व्होल्ट शेवटी विचारते. आधी विचारते, शॉर्ट कुठे झाला आणि किती वेळ राहिला.

मामा : कुठे म्हणजे?

भाची : बीएमएसच्या अलीकडे की पलीकडे.

हा प्रश्न मला या सगळ्या वादाचा कणा वाटतो. बहुतेक लिथियम पॅकमध्ये एक छोटी हिरवी पट्टी असते, तिला दुकानात सगळे बीएमएस म्हणतात. सेलमधून येणारा प्रवाह तिच्यातून बाहेर जातो. प्रवाह भलताच वाढला, व्होल्ट फार खाली गेले किंवा फार वर चढले, की ती दार बंद करते. पंपाच्या बाजूला, म्हणजे पट्टीच्या पलीकडे वायरी चिकटल्या, तर चांगली पट्टी डोळ्याची पापणी लवायच्या आत प्रवाह तोडते. सेलला त्याची झळही लागत नाही. पण पट्टीच्या अलीकडे, म्हणजे थेट सेलच्या पत्र्यांवर किंवा सेलकडून पट्टीकडे येणाऱ्या वायरींवर शॉर्ट झाला, तर मध्ये अडवायला कोणी नाही. तो सगळा मार सेलवर पडतो.

मामा : मग हे घे. रोज इथं पंप येतात, ‘बॅटरी मेली’ म्हणून. मेलेली नसते. पलीकडे कुठंतरी वायर घासून शॉर्ट झालेला असतो, पट्टीनं दार लावून घेतलेलं असतं. शेतकरी नवीन पॅक घ्यायला निघतो. मी त्याला अडवतो. फेका-फेका करणाऱ्यांमुळं माझ्या लोकांचे पैसे जातात, ते असे.

भाची : हे मात्र तुम्ही अगदी बरोबर करता. वायर दुरुस्त करायची, चार्जर क्षणभर लावायचा, बऱ्याच पट्ट्या तेवढ्याने पुन्हा दार उघडतात. सेल शाबूत असतो. तो पॅक फेकायला सांगणारा आळशी. पण मामाजी, दार उघडलंच नाही तर तुम्ही काय करता?

मामा गप्प राहिले. मग म्हणाले, “डायरेक्ट करून देतो.”

डायरेक्ट म्हणजे पट्टी काढून टाकायची आणि सेलच्या वायरी सरळ पंपाला जोडायच्या. पंप सुरू होतो, गिऱ्हाईक खूश होतं, पैसे थोडे लागतात. असे डायरेक्ट केलेले पंप एकट्या केशोरीत नाहीत, जिथे जिथे बॅटरीचा पंप पोचला तिथे आहेत. हा पोरगाही घरच्या घरी तेच करायला निघाला होता. पट्टीकडे येणाऱ्या दोन्ही वायरी त्याने एकदम कापल्या, म्हणून शॉर्ट अलीकडे झाला. एक वायर कापून तिच्या टोकाला लगेच टेप लावायची आणि मगच दुसरीला हात घालायचा, एवढं त्याला कोणी दाखवलं असतं तर पॅक वाचला असता.

भाची : डायरेक्ट केलेल्या पॅकला पुढचा शॉर्ट झाला तर? पंपात पाणी असतं, औषध असतं, आणि तो माणसाच्या पाठीवर बांधलेला असतो. मोबाइल तरी हातातून फेकता येतो.

मामा : शंभर-सव्वाशेची पट्टी असते. ती नवीन टाकतो म्हटलं तं माणूस म्हणतो, समोरचा डायरेक्ट करून देतो, तुम्हीच काहून पैसे लावता. मी नाही केलं तं समोरचा करतो. मग मी काय करू?

भाचीकडे याला उत्तर नव्हतं. नियमांच्या पुस्तकातही नाही. २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी देशात ई-स्कूटर पेटण्याच्या घटना एकामागून एक झाल्या. मार्चमध्ये पुण्यात लोहगावच्या रस्त्यावर उभी स्कूटर पेटली, एप्रिलमध्ये नाशिकजवळ कंटेनरमध्ये चाललेल्या ४० पैकी २० स्कूटर जळाल्या. त्यानंतर केंद्राने वाहनांच्या बॅटरीची मानकं कडक केली आणि १ डिसेंबर २०२२ पासून ती टप्प्याने लागू झाली. ती वाहनांपुरती. दुकानात उघडलेल्या फवारणी पंपाच्या पॅकमध्ये कोणी काय काढलं आणि काय जोडलं, हे पाहणारं कोणी नाही. तिथे सगळा भार मिस्त्रीच्या सचोटीवर आहे, आणि समोरच्या दुकानाशी स्पर्धा करत ती सांभाळायची आहे.

मामा : स्कूटरची गोष्ट वेगळी. केवढी मोठी बॅटरी असते ती.

भाची : मोठी असते, पण आतला सेल बऱ्याचदा असाच असतो. त्याच वर्षी सप्टेंबरात वसईला स्कूटरची बॅटरी काढून घरात रात्री चार्जिंगला लावली होती. पहाटे फुटली. जवळ झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी गेला. ती का फुटली ते मी ठामपणे सांगणार नाही. पण आपण सगळे बॅटरी कुठे चार्ज करतो? माणसं झोपतात तिथेच, कारण प्लग तिथेच असतो.

मामा : (थोड्या वेळाने) हे खरं आहे. आमच्या घरीही टॉर्च उशाशीच चार्ज होतो.

त्यानंतरचं बोलणं भांडणाचं राहिलं नाही. पॅक अंगणात आला. भाचीने लोखंडी घमेल्यात कोरडी रेती पसरली, त्यावर पॅक ठेवला. उघड्या वायरींना प्रत्येकी वेगळी टेप लावली. घमेलं भिंतीपासून आणि शेजारच्या तणसीच्या ढिगापासून दूर, उघड्या जमिनीवर, सावलीत. झाकण नाही. वायू बाहेर पडायला वाट हवी. घट्ट बंद डबा स्वतःच फुटू शकतो.

मामा : आम्ही मिठाच्या पाण्यात टाकतो. बादलीत दोन दिवस. बॅटरी शांत होते.

भाची : बाहेरून शांत होते. मिठाचं पाणी आधी टोपी आणि पत्रा खातं. जोड गंजून तुटला की आतली वीज आतच अडकून राहते आणि मीटर शून्य दाखवतो. तेच सर्वांत वाईट. शिवाय बुडबुड्यातून निघतो तो हायड्रोजन. बंद खोलीत ती बादली ठेवू नका.

मामा : मग पेटलीच तं? लिथियमवर पाणी टाकू नये, हे तं शाळेत शिकवतात.

भाची : शाळेत शिकवतात ते लिथियम धातूबद्दल. तो पाण्यात टाकला की भडकतो, खरं आहे. पण चार्ज होणाऱ्या सेलमध्ये लिथियम धातूच्या रूपात नसतो. तो कार्बनच्या थरात शिरलेला असतो.

मामांना हे पटायला वेळ लागला, आणि कोणालाही लागेल. याच्या मागे इतिहास आहे. आधी चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या लिथियम धातूच्याच करून पाहिल्या गेल्या. त्या पेट घेत. जपानचे अकिरा योशिनो यांनी १९८५ च्या सुमाराला धातू काढून कार्बन वापरला. पुढच्या वर्षी स्फोटकांच्या चाचणीची जागा घेऊन त्यांनी दोन्ही प्रकारच्या बॅटरीवर लोखंडाचं जड वजन पाडलं. कार्बनवालीला काही झालं नाही, धातूवालीचा भडका उडाला. १९९१ मध्ये सोनीने तशी बॅटरी बाजारात आणली आणि २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल योशिनो, जॉन गुडइनफ आणि स्टॅनली व्हिटिंगहॅम यांना मिळालं. आपल्या टॉर्चमधला सेल त्याच वंशातला. म्हणून आग लागली तर भरपूर पाणी हाच उपाय. पाणी सेलला थंड करतं आणि शेजारच्या सेलपर्यंत आग जाऊ देत नाही. भुकटीच्या सिलिंडरने ज्वाळा विझते, पण सेल गरमच राहतो आणि पुन्हा पेटतो. चार्जर लागलेला असेल तर आधी मेन स्विच बंद, मग पाणी. लांबून टाकायचं, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहायचं. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतो आणि तो फुप्फुसाला व डोळ्यांना इजा करतो. सेल सूं-सूं करायला लागला किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा गोडसर वास आला, तर पॅक हातात घेऊन बाहेर पळायचा मोह आवरायचा. आधी माणसं बाहेर. अग्निशमनाची गाडी केशोरीपर्यंत यायला वेळ लागतो, हे गृहीत धरूनच बॅटरीची जागा ठरवायला हवी.

भाची : अजून एक विचारते. रागावू नका. पार शून्यावर गेलेला सेल तुम्ही जागा करता काय?

मामा : करतो. दुसऱ्या चांगल्या सेलनं दोन मिनिटं किक द्यायची. मग चार्जर त्याला ओळखतो.

भाची : शॉर्ट बराच वेळ राहिला की सेल असाच तळाला जातो. दोन व्होल्टच्या खाली गेला आणि तिथेच पडून राहिला, तर आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं द्रावणात विरघळायला लागतं. तुम्ही किक दिली, चार्ज केलं, की तेच तांबं नको त्या जागी जमतं. आतल्या आत नवीन शॉर्ट. चार्जर सेलला ओळखत नव्हता, त्याला कारण होतं.

मामा : माझे असे जागे केलेले सेल चालून राहिले लोकांकडं. एकाचंही काही ऐकलं नाही.

भाची : मीही ऐकलं नाही. ऐकायला मिळू नये म्हणूनच सांगते.

यानंतर भाचीने मामांचाच मीटर घेतला आणि तिन्ही गट पुन्हा मोजले. दोन वायरी टेकवून आकडे मोठ्याने वाचले, मामांनी पट्टीवर जुन्यांच्या खाली लिहिले : ३.९५, ३.९४, ३.५८.

मोठा प्रवाह निघून गेल्यावर चांगल्या सेलचे व्होल्ट विसाव्यात किंचित वर चढतात. पहिले दोन गट तसे चढले होते. तिसरा एका रात्रीत तेरा शतांशांनी उतरला होता, कशालाही जोडलेला नसताना. त्या चारांपैकी निदान एक सेल आतल्या आत वीज गळत होता. हे कळलं ते मामांच्या टिपणामुळे. त्यांनी आदल्या संध्याकाळी आकडा लिहून ठेवला नसता, तर सकाळचा ३.५८ कोणालाच खटकला नसता; तो आकडा एरवी अगदी निरोगी दिसतो. जुन्या मिस्त्रीची लिहून ठेवायची सवय आणि नव्या शिक्षणाचं एका दिवसाने पुन्हा मोजण्याचं शास्त्र, दोन्ही लागलं.

मामा : तिसरा गट गेला. मान्य. पण वरचे आठ सेल चांगले आहेत.

भाची : मार बाराही सेलना सारखाच बसला आहे. एकापुढे एक जोडलेल्या गटांतून प्रवाह एकच जातो. माझ्या कामाच्या ठिकाणी हे आठ परत वापरात जाणार नाहीत.

मामा : तुझ्या ठिकाणी वॉरंटी आहे, बाई. वरून नवीन पॅक येतो. इथं कोण देते? मी ते पंपात नाही घालत, चल. रेतीच्या डब्यात महिनाभर ठेवतो, दर आठवड्याला मोजतो. नाही उतरले तं एकेक करून लहान लाइटला लावीन, उघड्यावर, माझ्या डोळ्यांसमोर चार्ज करीन.

भाची : मी नाही वापरणार.

मामा : मी विकणार नाही ते. माझ्याच दुकानात वापरीन.

यावर त्यांचं एकमत झालं नाही. मला विचाराल तर मी भाचीच्या बाजूचा आहे. आठ जुन्या सेलच्या किमतीसाठी हा धोका घेण्याजोगा नाही. पण ज्या भागात नवा सेल खरा मिळेल की ९९०० वाला, याचीच खात्री नाही, तिथे मामांनी स्वतःवर घातलेली महिनाभराची अट मला हलकी वाटत नाही. अट न घालता वापरणारेच जास्त आहेत.

मामांचा खरा राग पुढेच आला.

मामा : बरं, हे चार सेल मी टाकू कुठं? ते सांग. शिशाची बॅटरी भंगारवाला वजनावर घेते, घरी येऊन घेते. हे लिथियम त्याला दाखवलं तं म्हणते फुकट देता का. नेला तरी हातोडीनं फोडून तांबं काढते.

भाची : नियम झाला आहे. २४ ऑगस्ट २०२२ ला नवीन बॅटरी कचरा नियम आले. २००१ चे जुने नियम फक्त शिशाच्या बॅटरीपुरते होते. नव्यांत लिथियमही आहे. बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपनीनं जुनी बॅटरी गोळा करायची जबाबदारी घ्यायची. आपण ती बाकी कचऱ्यात मिसळायची नाही.

मामा : गोळा करायला केशोरीत कोण आलं? तूच सांग.

कोणी आलेलं नाही. बॅटरी पोचते तिथपर्यंत तिची गोळा करणारी माणसंही पोचायला हवीत. कृषी केंद्र पंप विकतं, तेच जुना पॅक परत घेऊ शकतं. आठवडी बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या आवारात रेतीचा एक पिंप ठेवता येतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी तो कंपनीच्या खर्चाने उचलला जाऊ शकतो. हे अवघड नाही. शिशाच्या बॅटरीला जसा भाव आहे तसा लिथियमला खाली गावापर्यंत मिळाला, तर भंगारवालाच हे काम करेल. तोवर मामांच्या दुकानामागे रेतीचा डबा भरत राहणार आणि एखाद्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर गेला की, पत्र्याच्या छपराखाली तो डबा काय करेल याची काळजी एकट्या मामांनी करायची. हा अन्याय आहे, आणि तो मिस्त्रीला शहाणपण शिकवून मिटणारा नाही.

भाचीने त्यावर जमेल तेवढं सुचवलं. गळका, फुगलेला किंवा भाजलेला सेल एसटीत न्यायचा नाही, तो रेतीतच राहू द्यायचा. बाहेरून धड दिसणारे, पण निकामी ठरवलेले सेल आधी गाडीच्या इंडिकेटरच्या १२ व्होल्टच्या बल्बवर उघड्यावर रिकामे करायचे, लक्ष ठेवून, मग दोन्ही टोकांना टेप लावून प्लास्टिकच्या डब्यात. असा डबा ती पुढच्या खेपेला नागपूरला तिच्याकडच्या गोळा करणाऱ्यांकडे पोचवणार. मामांनी डबा दिला. डब्यावर तारीख घालायचं मात्र त्यांनी स्वतःहून सांगितलं.

दुपारी तो पोरगा आला. पंप आजच पाहिजे होता. मामांनी माळ्यावरून जुनी शिशाची बॅटरी काढली, मीटर लावून पाहिला आणि पंपात बसवून दिली.

“चार दिवस ही वापर. जड आहे, पण फवारणी होऊन जाईल. नवीन पॅक मागवतो, पट्टीसकट. डायरेक्ट करणार नाही.”

“अन् जुना? टॉर्चला लावला असता जी.”

“तो नाही भेटत. आठ सेल चांगले दिसतात, त्याचे पैसे कापून देतो. अन् ती पकड इकडं दे, पातं घासून देतो. वायर कापायची तं एकेक कापत जा.”